पाण्याचे दुसरे टोक : चवदार तळे ते पनवेलचे चेंबर

जयंतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी विहारामागचे चेंबर तुंबले. आदल्या दिवशी भोजनदान झाले होते. भात, वरण, वांग्या-बटाट्याची भाजी, बुंदी. माणसे पोटभर जेवली, भाषणे झाली, डीजे हवा की प्रबोधन यावर आमच्यातच रात्री उशिरापर्यंत वाद झाला. भांडी मागच्या मोरीवर घासली गेली आणि सगळे झोपायला गेले. सकाळी मोरीतून पाणी उलटे वर येत होते. शेजारच्या तीन घरांतही तेच.

कुणीतरी फोन केला. अर्ध्या तासात पन्नाशीचे एक काका आले, सोबत पुतण्या. काकांनी पहारीने झाकण उचलले, शर्ट काढून कठड्यावर ठेवला आणि पाय आत सोडले. वर आमचे निळे झेंडे अजून तसेच लागलेले होते. आमच्या अभ्यासवर्गातली एक मुलगी धावत पुढे आली. "काका, वर या. आत उतरायचं नाही." काका शांतपणे म्हणाले, "मग कोण उतरणार?"

त्या क्षणी आमच्याकडे उत्तर नव्हते. काका वर आले, बाहेर उभे राहूनच बांबूच्या कामट्या घातल्या, आणि दहा मिनिटांच्या कामाला दोन तास लागले. बाहेर काय आले? फुगलेल्या भाताचा गोळा, त्याला धरून बसलेले तेल, चहाचा चोथा, कागदी द्रोण, दोन सॅनिटरी पॅड, गुटख्याच्या पुड्या आणि झेंडूचा एक अख्खा हार. तो हार कुठल्या फोटोवरचा होता हे वेगळे सांगायला नको. चेंबरचे झाकण एका कोपऱ्यात फुटलेले होते. झाडून गोळा केलेला कचरा कुणीतरी त्याच भोकातून आत सारला होता.

काकांचे आजोबा काठेवाडातून मुंबईला आले होते, सफाईच्याच कामाला. आम्ही महाराष्ट्रातले बौद्ध. म्हणजे त्या सकाळी वर उभे होते तेही जातिव्यवस्थेने खाली ढकललेले आणि खाली उतरत होते तेही. हा लेख त्या लाजेतून लिहितो आहोत. पण नुसती लाज वाटून भागत नाही, म्हणून इतिहासाकडे वळू.

आपल्या चळवळीने पाण्याचा इतिहास नेहमी वरच्या टोकाकडून वाचला. ते बरोबरच होते. १९२३ साली सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात मंजूर झाला, १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला, आणि तो कागदावरच राहिला म्हणून २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांना ओंजळ भरावी लागली. त्यानंतर सनातन्यांनी १०८ घागरी पाणी उपसून त्यात शेण, गोमूत्र, दूध, दही ओतून तळे 'शुद्ध' केले. पिण्याच्या पाण्यात शेण कालवणारे शुद्ध आणि तहानलेला माणूस अशुद्ध! मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागायला १७ मार्च १९३७ उजाडले. महाड आणि पनवेल तेव्हा एकाच कुलाबा जिल्ह्यात. पनवेलच्या वाटेवर बाबासाहेबांसाठी पाण्याचा माठ भरून वाट पाहत बसणाऱ्या सोनबा येलवेंची आठवण आपल्याकडे भाषणांतून आणि गाण्यांतून सांगितली जाते. आम्ही ती लहानपणापासून ऐकत आलो.

पण पाण्याला दुसरेही टोक असते. वापरून झालेले पाणी मोरीतून जाते तिथे. ज्याचा हात स्वच्छ पाण्याला चालत नव्हता, घाण पाण्याला मात्र त्याचाच हात लागत होता. या दुसऱ्या टोकाचा सत्याग्रह अजून व्हायचा आहे.

माणसाने सांडपाण्याचा विचार अगदी सुरुवातीपासून केला. मोहेंजोदडोत साडेचार हजार वर्षांपूर्वी विटांनी बांधलेली, वरून झाकलेली गटारे होती. घरातले पाणी रस्त्याच्या गटारात जाण्यापूर्वी खड्ड्यात किंवा रांजणात थांबे, गाळ खाली बसे, पाणी पुढे जाई. घन वेगळे, द्रव वेगळे. आज नळकाम करणारा माणूस गली ट्रॅप बसवतो तेव्हा हेच तत्त्व वापरतो.

बौद्ध परंपरेत तर हा विषय थेट विनयाचा आहे. आपल्याकडे विनयपिटक म्हटले की चीवर आणि भिक्षापात्र आठवते, पण चुल्लवग्गात शौचकूपाचे नियम सविस्तर आहेत. त्यातला एक प्रसंग आम्ही अभ्यासवर्गात नेहमी सांगतो. भिक्खू शौचाला ज्येष्ठतेच्या क्रमाने जात. नवे भिक्खू आधी येऊनही ताटकळत आणि काही जण वेग आवरून धरल्यामुळे मूर्च्छित पडले. तेव्हा तथागतांनी नियम केला, की जो आधी येईल तो आधी जाईल. तिथे ज्येष्ठता चालणार नाही. पुढचे नियम असे, की जागा घाण झाली असेल तर वापरणाऱ्याने ती धुवावी, भांड्यात पाणी नसेल तर भरून ठेवावे, कचऱ्याचे भांडे भरले असेल तर रिकामे करावे. कौशंबीच्या संघात जे मोठे भांडण पेटले, त्याचे मूळही एका भिक्खूने शौचाच्या भांड्यात उरलेले पाणी तसेच ठेवले एवढेच होते. पुष्कळांना हा प्रसंग क्षुल्लक वाटतो. आम्हाला वाटत नाही. ज्या संघात उरलेल्या पाण्यावरून वाद होऊ शकतो, तिथे 'ते पाणी टाकायला कुणीतरी येईलच' असे कुणी गृहीत धरलेले नसते.

पंचाहत्तर सेखिय नियमांपैकी छप्पन्नावा नियम तर आमच्या चेंबरसाठीच लिहिल्यासारखा आहे. भाताची शिते असलेले पात्र धुतल्याचे पाणी वस्तीत टाकायचे नाही. अडीच हजार वर्षांपूर्वीचा नियम, आणि आम्ही बौद्ध म्हणवणाऱ्यांनी भोजनदानाच्या रात्री नेमका तोच मोडला. सुनीत हा वाळलेली फुले उचलून टाकणारा सफाई करणारा माणूस होता. तो संघात आला, अर्हत झाला आणि थेरगाथेत त्याचे उद्गार आहेत. संघाने त्याचे झाडू पुढच्या पिढीकडे दिले नाही.

या रीतीची उलटी बाजू नारदस्मृतीत दिसते. तिथे कामांचे शुभ आणि अशुभ असे भाग केले आहेत. दार, शौचाची जागा, रस्ता, उकिरडा झाडणे हे अशुभ काम, आणि ते दासाने करायचे. म्हणजे घाण करणारा एक आणि घाण काढणारा दुसरा, ही फाळणी धर्मशास्त्राने पवित्र केली. विनय सांगतो, वापरणाऱ्याने धुवावे. स्मृती सांगते, दासाने धुवावे. आपल्या देशातल्या गटारांचा सगळा इतिहास या दोन वाक्यांच्या मधोमध वाहतो.

इंग्रज आले तेव्हा हे बदलेल असे वाटायला जागा होती. १८५८ च्या उन्हाळ्यात थेम्स नदीच्या दुर्गंधीने लंडनची संसद हैराण झाली आणि जोसेफ बॅझलजेट या अभियंत्याने पुढच्या वर्षांत शहराखाली विटांच्या मलवाहिन्यांचे जाळे बांधले. मुंबईतही मलवाहिन्या आल्या, पण सावकाश आणि अर्धवट. कारण इथे स्वस्त पर्याय जातीने तयार करून ठेवला होता. घरामागच्या अरुंद हाऊस गल्लीतून माणूस येणार, टोपलीत मैला भरणार, डोक्यावरून नेणार. त्याला नाव दिले हलालखोर. त्याच नावाने नगरपालिका घरमालकांकडून कर घेई, हलालखोर कर. माणसाच्या जातीचे नाव सरकारी पावतीवर करबाब म्हणून छापले जाणे, याहून स्पष्ट पुरावा काय हवा? १८९६ मध्ये प्लेग आला तेव्हा गटारे समुद्राच्या पाण्याने आणि कार्बोलिक ॲसिडने धुतली गेली. लाखो लोक शहर सोडून पळाले. प्रशासनाला सर्वांत मोठी धास्ती मात्र एकच होती, हे सफाई करणारे निघून गेले तर काय? एरवी ज्यांची सावली नको, त्यांच्यावाचून शहर चालत नाही हे सगळ्यांना पक्के माहीत होते. म्हणूनच पूर्वसूचना न देता काम सोडणाऱ्या सफाई कामगाराला शिक्षा करणाऱ्या तरतुदी त्या काळच्या नगरपालिका कायद्यांत होत्या. गिरणी कामगाराने काम सोडले तर पगार जाई. मैला वाहणाऱ्याने सोडले तर तो गुन्हेगार.

पनवेलची नगरपालिका १८५२ ची, महाराष्ट्रातल्या सर्वांत जुन्यांपैकी एक. १८५० च्या सव्विसाव्या कायद्याने गावांना स्वच्छता, दिवाबत्ती, रस्ते यासाठी आपला कारभार आपण पाहण्याची मुभा मिळाली आणि खाडीवरच्या या बाजारपेठेने ती लवकर घेतली. अभिमानाची गोष्ट आहे. फक्त एवढेच लक्षात ठेवू, की महाराष्ट्रातल्या कोणत्याही जुन्या नगरपालिकेच्या अभिमानाखाली टोपली आणि झाडू असतोच.

आता गांधी आणि बाबासाहेब. १९३२ च्या डिसेंबरात अप्पासाहेब पटवर्धनांनी रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम करू द्यावे म्हणून उपोषण केले आणि येरवड्यातून गांधीजींनी त्यांना साथ दिली. अप्पासाहेबांनी पुढे कोकणात संडास सुधारणेसाठी आयुष्य घातले. त्यांच्या प्रामाणिकपणावर शंका घेण्याचे कारण नाही, आपल्यातले काही जण घेतात ते चूक आहे. पण प्रामाणिकपणा हा मुद्दाच नव्हता. बाबासाहेबांनी १९४५ च्या 'व्हॉट काँग्रेस अँड गांधी हॅव डन टू द अनटचेबल्स' या ग्रंथात नेमके बोट ठेवले. त्यांचे म्हणणे असे, की भारतात माणूस सफाईचे काम करतो म्हणून भंगी ठरत नाही. तो जन्माने ठरतो, मग ते काम करो वा न करो. ब्राह्मणाने चार दिवस झाडू धरला तर तो संत होतो, मेहतराने आयुष्यभर धरला तर तो मेहतरच राहतो. सेवेचे गोडवे गाऊन ही गाठ सुटत नाही, उलट घट्ट होते. म्हणून त्यांनी गोडवे गाण्यापेक्षा संघटना बांधली. १९३५ मध्ये मुंबईत म्युनिसिपल कामगार संघ उभा राहिला. पगार, रजा, घर, निवृत्तिवेतन ही त्याची भाषा होती.

गाडगेबाबांचे स्थान यात वेगळे आहे. ते ज्या गावात जात तिथे आधी झाडू काढत आणि मग त्या गावालाच झाडू धरायला लावत, कीर्तन त्यानंतर. त्यांनी पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे दिली. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर चौदाच दिवसांनी, २० डिसेंबर १९५६ ला, ते गेले. त्यांच्या नावाने सरकारने पुढे ग्रामस्वच्छता अभियान काढले. फलकावर झाडू राहिला, प्रश्न विचारणारे कीर्तन गळाले.

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने १९४९ मध्ये बर्वे समिती नेमली, केंद्राने पुढे मलकानी समिती. डोक्यावरची टोपली काढून हातगाडी द्या, अशा शिफारशी झाल्या. महाराष्ट्रात लाड-पागे समितीच्या शिफारशींनी सफाई कामगाराच्या वारसाला त्याच जागी नोकरी मिळू लागली. यावर आमच्या अभ्यासवर्गात दर वर्षी वाद होतो. कंत्राटीकरणाच्या काळात कायम नोकरी हे कवच आहे, ते काढून घेणाऱ्यांच्या बाजूने आम्ही नाही. पण बापाचा झाडू मुलाकडे सरकारी आदेशाने जातो, ही जातीचीच भाषा आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि दोन्हींचा ताण आपण सहन केला पाहिजे. ज्यांना हे जग आतून समजून घ्यायचे आहे, त्यांनी अरुण ठाकूर आणि महंमद खडस यांचे 'नरकसफाईची गोष्ट' वाचावे.

मग फ्लशचे संडास आले आणि सगळ्यांना वाटले, प्रश्न संपला. संपला नाही, जमिनीखाली गेला. पूर्वी मैला डोक्यावर होता, आता माणूस मैल्यात उतरू लागला. १९९३ च्या कायद्याने कोरडे संडास आणि हाताने मैला उचलणे यावर बंदी घातली. २०१३ चा कायदा त्याच्या पुढे गेला आणि योगायोग म्हणा, तो लागू झाला ६ डिसेंबर २०१३ ला. त्याचे सातवे कलम प्रत्येक तरुण कार्यकर्त्याने पाठ करावे. कोणतीही व्यक्ती, स्थानिक प्राधिकरण किंवा संस्था मलवाहिनीच्या अथवा सेप्टिक टँकच्या धोकादायक सफाईसाठी माणसाला प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष कामाला लावू शकत नाही. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. 'कोणतीही व्यक्ती' यात सोसायटीचा सेक्रेटरी येतो. जयंती समितीही येते. सर्वोच्च न्यायालयाने २७ मार्च २०१४ ला सफाई कर्मचारी आंदोलनाच्या खटल्यात १९९३ पासूनच्या अशा प्रत्येक मृत्यूमागे १० लाख रुपये देण्याचा आदेश दिला. २० ऑक्टोबर २०२३ च्या निकालात ही रक्कम ३० लाख केली. माणूस गेल्यावरचा हा हिशेब.

माणूस आत का मरतो, हे आपल्यातल्या पदवीधरांनाही माहीत नसते. गाळ हवेविना कुजला की हायड्रोजन सल्फाइड, मिथेन असे वायू तयार होतात. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्याचा वास येतो, पण प्रमाण वाढले की तो नाकाची जाणीवच मारतो. उतरणाऱ्याला वाटते, वास गेला, धोका गेला. गाळ ढवळला की अडकलेला वायू एकदम सुटतो आणि एक-दोन श्वासांत माणूस कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही जातो. बातम्यांत एका टाकीत दोघे-तिघे का असतात, याचे कारण हे.

आणि हा गाळ येतो कुठून? आपल्या मोरीतून. मलवाहिनी स्वतःला साफ ठेवेल अशाच उताराने टाकलेली असते. पाण्याचा वेग सेकंदाला साधारण ०.६ मीटर राहिला तर घाण वाहून जाते, खाली बसत नाही. गरम तेल ओतले की ते पाइपात गार होऊन थिजते. त्यावर भाताची शिते आणि पिठाची कणी चिकटतात. चहाचा चोथा विरघळत नाही, तळाशी बसतो. केस आणि साबणाचा फेस मिळून दोरखंड होतो. सॅनिटरी पॅड आणि डायपर यांच्यातली पूड पाणी शोषण्यासाठीच बनवलेली, ती पाइपात तेच करते. भोक लहान होत जाते, वेग मंदावतो, गाळ बसतो. लंडनच्या व्हाइटचॅपलमध्ये २०१७ साली तेल आणि पुसण्याच्या ओल्या कागदांचा २५० मीटर लांब, १३० टन वजनाचा गोळा सापडला. तिथे तो फोडायला कामगारांना कित्येक आठवडे लागले, साधने आणि संरक्षक पोशाख घालून. आपल्याकडे फोनवर भाव ठरतो.

आणखी एक गोष्ट. मोरी तुंबली की बाटलीभर ॲसिड ओतायची सवय घरोघरी आहे. तेलाचा थर ॲसिडने विरघळत नाही. उलट गाळातल्या सल्फाइडवर ॲसिड पडले की तोच विषारी वायू सुटतो. आपण वरून बाटली रिकामी करतो आणि त्यानंतर माणसाला बोलावतो.

पनवेलमध्ये ही गोष्ट जास्त बिकट आहे. जुन्या गावात उघडी गटारे, गावठाणांत सेप्टिक टँक, सिडकोच्या नोडमध्ये भूमिगत वाहिन्या. १ ऑक्टोबर २०१६ ला महापालिका झाली आणि हे तिन्ही काळ एका छताखाली आले. वर खाडी आहे. भरती आणि मुसळधार पाऊस एकत्र आला की नाल्याचे पाणी बाहेर पडायला जागा नसते. कळंबोलीसारखा सखल भाग त्यासाठी धारण तलावांवर अवलंबून आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा प्लास्टिकच्या पिशव्यांनी गटारांची तोंडे कशी बांधली हे सगळ्या राज्याने पाहिले. पाऊस आपल्या हातात नव्हता. पिशव्या होत्या.

त्यामुळे जेव्हा आपल्यातला एखादा मित्र म्हणतो, की कचरा वर्गीकरण हे मध्यमवर्गीयांचे चोचले आहेत, आपला प्रश्न व्यवस्थेचा आहे, तेव्हा आम्ही त्याला त्या सकाळचा भाताचा गोळा दाखवतो. व्यवस्था बदलण्याची मागणी सोडायची नाहीच. यांत्रिक सफाई, कायम नोकरी, सातव्या कलमाखाली गुन्हे नोंदवणे, पुनर्वसन, हे सगळे मागायचे. पण २०१६ च्या घनकचरा नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक कचरा वेगळा देण्याची, पॅड-डायपर गुंडाळून देण्याची आणि गटारात काहीही न टाकण्याची जबाबदारी कचरा करणाऱ्यावर टाकली होती. सरकारी राजपत्रात हे विनयाचेच वाक्य परत आले, असे आम्ही समजतो. खारघरच्या टॉवरमध्ये राहणारा आपला बौद्ध अधिकारी 'सफाईवाला येईल' म्हणून ओला-सुका एकाच पिशवीत भरतो, तेव्हा त्याने बावीस प्रतिज्ञा घेतल्या असल्या तरी वागणूक नारदस्मृतीची आहे. हे कडू वाटेल. आम्ही स्वतःलाही हेच ऐकवले.

आता विहाराच्या मोरीवर दोन थरांची जाळी आहे. भांडी धुण्याआधी खरकटे बादलीत जाते, कढईचे तेल आधी रद्दी कागदाने पुसून घेतात, चोथा कुंड्यांत. महिला मंडळाने एक अट घातली आणि ती मान्य करावी लागली. भोजनदानाची भांडी पुरुष घासतील. पहिल्या वेळी सगळ्यांत जास्त शिते जाळीवर सांडली ती आमच्याच हातून, आणि त्यावरून बराच वेळ हशा चालला होता.

काकांना आम्ही पुढच्या कार्यक्रमाला बोलावले, कामाला नाही, जेवायला आणि बोलायला. ते माईकवर बोलायला तयार नव्हते. जेवण झाल्यावर त्यांनी कागद मागितला आणि पेन्सिलीने आमच्या गल्लीतली सगळी चेंबरे काढून दाखवली. कुठले कुठल्याला जोडले आहे, उतार कुठे चुकला आहे, कुठल्या झाकणाखाली वायू साचतो, कुठे चुकूनही वाकून पाहायचे नाही. अकरा चेंबरे. तीस वर्षे त्यांच्या डोक्यात असलेला हा नकाशा आम्ही पहिल्यांदा पाहत होतो. सातव्या चेंबरवर त्यांनी दोनदा फुली मारली. का, असे विचारल्यावर म्हणाले, तिथे त्यांचा भाऊ गेला. त्यांच्यासोबत येणारा पुतण्या त्याच भावाचा मुलगा. तो आता रविवारच्या अभ्यासवर्गाला येतो, मागच्या रांगेत बसतो. नकाशा विहाराच्या कपाटात आहे. त्याची झेरॉक्स आम्ही गल्लीतल्या प्रत्येक घराच्या दारामागे चिकटवत आहोत. अजून चौदा घरे बाकी आहेत.